गुपित फुटते; मौन टिकते

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्साबलिदान आटोपले होते, पण सरीवर सर येत होती आणि मंडळी चर्चच्या पडवीत पाऊस उघडण्याची वाट पाहत उभी होती. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला एक तरुण माझ्याजवळ आला. हातातील मोबाइलवरची चित्रफीत दाखवीत तो म्हणाला, "फादर, माणूस चंद्रावर गेलाच नाही. अमेरिकन सरकारने स्टुडिओत चित्रीकरण करून सगळ्या जगाला फसवले." शेजारी एक निवृत्त मास्तर उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "अरे बाळा, आपल्या गावात दोन घरांत सोयरिकीची बोलणी होतात आणि संध्याकाळपर्यंत ती मासळीबाजारात पोहोचतात. लाखो माणसांची तोंडे कोण बंद ठेवील? सरकारला असली गुपिते राखता येत नाहीत. म्हणून कारस्थान, कटकारस्थान हे सारे झूठ!" मंडळी हसली. पाऊस उघडला आणि जो तो आपल्या वाटेला लागला.

मी मात्र अस्वस्थ मनाने घरी परतलो. तरुणाचे म्हणणे चूक होते, याविषयी मला संदेह नव्हता. पण मास्तरांचे म्हणणेही मला पुरते पटले नव्हते. त्यांचा अर्धा सिद्धांत बरोबर होता आणि उरलेला अर्धा, माझ्या मते, तरुणाच्या भ्रमापेक्षा अधिक घातक होता. वाचकहो, त्या पडवीत जे बोलायचे राहून गेले ते आज येथे लिहीत आहे.

षट्कर्णी झालेली गोष्ट

आपले पूर्वज सांगत आले आहेत की गोष्ट षट्कर्णी झाली की फुटते. दोघांच्या चार कानांत ती सुरक्षित असते. तिसऱ्याचे दोन कान मिळाले की तिला पाय फुटतात. या जुन्या शहाणपणाला आपण तीन कलमे जोडू या. गुपितात माणसे किती, ते राखायचे किती काळ, आणि त्याचा कागद कोठे कोठे उरतो? या तीन प्रश्नांवर कोणत्याही 'महाकारस्थाना'ची परीक्षा करता येते.

चांद्रयात्रेचेच पाहा. अपोलो मोहिमेच्या ऐन भरात अमेरिकेत सुमारे चार लाख माणसे तिच्यासाठी राबत होती. १९६९ ते १९७२ या काळात सहा वेळा मिळून बारा माणसे चंद्रावर उतरली. त्यांनी सुमारे ३८२ किलो माती आणि खडक आणले व ते अनेक देशांतील प्रयोगशाळांत तपासले गेले. तेथे ठेवलेल्या आरशांवरून लेझर किरण परावर्तित करून चंद्राचे अंतर आजही मोजले जाते. २००९ पासून अमेरिकी यानाने आणि पुढे आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही त्या जागांची छायाचित्रे घेतली. पण याहून मोठा साक्षीदार वेगळाच आहे. तो म्हणजे सोव्हिएत रशिया. आर्मस्ट्राँग चंद्रावर होते त्याच दिवसांत रशियाचे लूना-१५ हे यान चंद्राभोवती फिरत होते आणि २१ जुलै १९६९ रोजी ते चंद्रावर आदळून फुटले. शर्यत हरलेला, अपमानित झालेला आणि आकाशावर डोळा ठेवून बसलेला हा प्रतिस्पर्धी अमेरिकेची लबाडी दिसली असती तर गप्प बसला असता काय? सवतीच्या घरातील भांडण गावभर करायला सवत कधी विसरत नाही!

२०१६ साली डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे गणितच मांडले. उघडकीस आलेल्या काही प्रकरणांवरून, एका माणसाकडून एका वर्षात गुपित फुटण्याची शक्यता किती, याचा त्याने अंदाज बांधला. चांद्रयात्रा बनावट असती आणि चार लाख अकरा हजार माणसे तिच्यात सामील असती, तर ते बिंग पावणेचार वर्षांच्या आत फुटले असते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. दहा वर्षे गुपित टिकवायचे तर सामील माणसे हजारांहून कमीच हवीत, असेही त्याच्या हिशेबातून निघते.

येथपर्यंत मास्तर जिंकले. पण या हिशेबातील एक उणीव आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्यांचे बिंग फुटले त्याच प्रकरणांवरून हे गणित मांडलेले आहे. जे कधी फुटलेच नाही ते हिशेबात येणार कसे? पकडलेले मासे मोजून समुद्रातील मासे सांगण्यासारखे हे आहे. म्हणून मास्तरांच्या विरुद्ध जाणारी उदाहरणेही तपासली पाहिजेत.

राखली गेलेली गुपिते

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँब तयार केला. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण म्हणतो; येथे मूठच सुमारे सव्वा लाख माणसांची होती! त्यांतील बहुसंख्यांना आपण काय घडवीत आहोत याचा पत्ता नव्हता. उपाध्यक्ष ट्रुमन यांनाही खरा प्रकार कळला तो एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद अंगावर पडल्यावर. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम चाले. युद्धाच्या अखेरीस तेथे नऊ हजारांच्या आसपास माणसे होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांनी युद्ध संपल्यानंतरही आपल्या नवऱ्यांना, आईबापांना एक शब्द सांगितला नाही. १९७४ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे जगाला ते कळले. आपल्या पोखरणचे उदाहरण तर अनेक वाचकांना आठवत असेल. मे १९९८ मधील चाचण्यांची तयारी मुख्यतः रात्री चाले, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत आणि अमेरिकेचे उपग्रह डोक्यावरून फिरत असूनही त्यांना सुगावा लागला नाही.

मग मास्तरांचा सिद्धांत कोसळला काय? नाही, तो अधिक नेमका झाला. ही गुपिते टिकली त्याची कारणे पाहा. प्रत्येकाला कामाचा केवळ आपल्यापुरता तुकडा ठाऊक होता. काम करणाऱ्यांच्या विवेकाला त्यात डाचण्यासारखे काही वाटत नव्हते. उलट देशाची सेवा करीत आहोत, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि अणुबाँबच्या गुपिताला मुदत होती. स्फोट झाला की ते सरकार स्वतःच जाहीर करणार होते. तरीही ही गुपिते खरोखर अभेद्य होती काय? अणुबाँबची माहिती क्लाउस फुक्स आणि इतरांनी रशियाला केव्हाच पोहोचविली होती. जुलै १९४५ मध्ये पॉट्सडॅम येथे ट्रुमन यांनी नव्या अस्त्राची गोष्ट स्टालिनच्या कानावर घातली तेव्हा स्टालिनला ती आधीच ठाऊक होती! ब्लेचली पार्कमध्येही जॉन केर्नक्रॉस हा रशियाचा हेर बसलेला होता. म्हणजे गुपित लपले ते कोणापासून? रशियापासून नव्हे, तर आपल्याच जनतेपासून. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आणि जेथे कृत्य लाजिरवाणे असते तेथे थोडक्या माणसांचेही गुपित टिकत नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या मोजक्या प्रतिनिधींनी इजिप्तवर हल्ल्याचा गुप्त करार केला. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी आपल्याकडील प्रत नष्ट करविली आणि डिसेंबरमध्ये संसदेत सांगितले की इस्रायलच्या हल्ल्याची आम्हाला पूर्वकल्पना नव्हती. पण कराराच्या प्रती तीन होत्या. इस्रायलची प्रत जपून ठेवलेली होती आणि चाळीस वर्षांनी ती जगासमोर आली. ईडन यांची खुर्ची मात्र तोपर्यंत थांबली नाही; जानेवारी १९५७ मध्येच ती गेली. वॉटरगेटचे तर काय सांगावे! १७ जून १९७२ च्या रात्री एका पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर लावलेली चिकटपट्टी दिसली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हावे लागले. त्यांच्या विरुद्धचा निर्णायक पुरावा त्यांनी स्वतःच बसवून घेतलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रातून निघाला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ते असे.

जे कधी लपलेच नव्हते

येथे मास्तर टाळी मागतील. पण मी ती देणार नाही. कारण आता मी त्यांना अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावी घेऊन जाणार आहे.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने तेथे एक 'अभ्यास' आरंभला. सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुष त्यासाठी निवडले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला होता. त्यांना खरा रोग सांगितला नाही. 'तुमचे रक्त दूषित आहे' एवढेच सांगितले. गरम जेवण, फुकट तपासणी आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, एवढ्या मोबदल्यावर त्यांना धरून ठेवले. उपचार न केल्यास हा रोग माणसाला कसकसा पोखरतो हे सरकारला पाहायचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा त्या रोगावरील सर्वमान्य उपचार झाला. तोही त्यांना दिला नाही. काहींच्या बायकांना लागण झाली, काहींची मुले तो रोग घेऊनच जन्मली. हे चाळीस वर्षे चालले.

हे महाभयंकर कारस्थान गुप्त कसे राहिले, असे आपण विचाराल. उत्तर ऐकून अंगावर काटा येतो: ते गुप्त नव्हतेच! त्या अभ्यासाचा पहिला अहवाल १९३६ साली छापला गेला आणि पुढे दशकानुदशके वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख येत राहिले. ग्रंथालयांत ते अंक उघडे पडलेले होते. देशभरातील डॉक्टर ते वाचीत होते, पान उलटीत होते आणि जेवायला घरी जात होते. १९६५ साली एका तरुण डॉक्टरने असा एक लेख वाचून निषेधाचे पत्र लिहिले. त्याला उत्तरही आले नाही. त्याच खात्यातील पीटर बक्सटन या प्राग शहरात जन्मलेल्या कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली आणि अभ्यास चालू ठेवावा, असे तिने ठरविले! अखेर बक्सटनने कागदपत्रे एका वृत्तसंस्थेच्या वार्ताहराकडे दिली. जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी वृत्तपत्रांत झळकली आणि चाळीस वर्षांचे पाप काही महिन्यांत बंद झाले. सरकारने क्षमा मागितली ती १९९७ साली. तोपर्यंत त्या सहाशेंपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

मास्तर, आपला सिद्धांत येथे अपुरा पडतो. 'मोठे गुपित राखता येत नाही, म्हणून मोठे पाप घडत नाही' असा निष्कर्ष आपण काढलात. परंतु मोठ्या पापाला गुपिताची गरजच नसते. त्याला हवे असते फक्त मौन. आणि मौन ही फार स्वस्त वस्तू आहे. ज्यांचे बळी जातात ते गरीब असले, काळे असले, अक्षरशत्रू असले, की ते फुकटातच मिळते.

मौनाचे प्रकार अनेक. एक असते भयाचे. १९४० च्या वसंतात स्टालिनच्या हुकमाने सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व नागरिक गोळ्या घालून मारले गेले. कातीनच्या रानातील त्यांच्या सामुदायिक कबरी १९४३ साली उघडकीस आल्या. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे रशियाने जर्मनांकडे बोट दाखविले. पण पोलंडमधील विधवांना, मातांना सत्य ठाऊक होते. ते त्यांनी स्वयंपाकघरात दबल्या आवाजात मुलांना सांगितले. १९९० च्या एप्रिलमध्ये गोर्बाचेव्ह यांनी कबुली दिली तेव्हा पोलंडला नवीन असे काही कळले नाही; जे सर्वांना ठाऊक होते ते बोलण्याची मुभा मिळाली, एवढेच.

दुसरे मौन असते आदराचे, आणि त्याविषयी लिहिताना माझी लेखणी जड होते. २००२ च्या जानेवारीत बोस्टन शहरातील एका वृत्तपत्राने तेथील काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि धर्मप्रांताने घातलेले पांघरूण उघड केले. ते गुपित होते काय? कित्येक मातांनी पत्रे लिहिली होती, कित्येक घरांत ते ठाऊक होते. पण 'चर्चची बेअब्रू नको' म्हणून भल्या माणसांनी ओठ आवळले होते. ज्या झग्याचा हा आदर होता तोच मी घालतो. म्हणून इतरांच्या सरकारांकडे बोट दाखविताना हे उदाहरण गाळण्याचा अधिकार मला नाही.

तिसरे मौन असते आळसाचे. भोपाळमधील युनियन कार्बाइडचा कारखाना शहराचा घात करील, असे राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून छापून सांगत होते. जून १९८४ मध्येही त्यांनी तेच लिहिले. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायू सुटला. छापलेली गोष्ट गुपित असते काय? नसते. पण न वाचलेली गोष्ट गुपितासारखीच असते.

आणि हे मौन केवळ दूरदेशीच घडते, असे मी म्हणू शकत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका खेड्यात सेवा करीत होतो. तेथील गुरचरणाची जमीन हातची गेली. गुरे कोठे चारावी, असा गरिबांपुढे प्रश्न पडला. 'वरून कारस्थान झाले, आम्हाला अंधारात ठेवले' असे गावकरी म्हणू लागले आणि मीही एका प्रवचनात तसे आवेशाने बोललो. पुढे चौकशीला गेलो तेव्हा एका कारकुनाने शांतपणे मला फलक दाखविला. हरकती मागविणारी नोटीस तेथे महिनाभर लावलेली होती. त्या महिन्यात मी त्या कचेरीत दोनदा कामासाठी गेलो होतो. फलकासमोरच्या बाकावर बसलो होतो. मी ती वाचली नव्हती. कोणीच वाचली नव्हती. नोटीस लावणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, असे माझे म्हणणे नाही. पण त्यांना आम्हाला अंधारात ठेवावे लागलेच नाही. उजेडात डोळे मिटून आम्हीच बसलो होतो.

कारस्थानाची गोडी

आता पुन्हा त्या तरुणाकडे वळतो. त्याची शंकेखोर वृत्ती मला मुळीच वाईट वाटत नाही. टस्कीगीच्या कृष्णवर्णीयाने सरकारी डॉक्टरकडे संशयाने पाहिले तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? माझा आक्षेप त्या संशयाला नाही. त्याच्या आळसाला आहे. खरा संशय माणसाला कामाला लावतो. तो कागद मागतो, साक्षी तपासतो, स्वतःची चूकही मान्य करतो. खोटा संशय माणसाला आरामखुर्चीत बसवितो. एक चित्रफीत पाहिली, दहा जणांना पाठविली, की जगाचे गुह्य उकलल्याचे समाधान! चंद्रावरील पावलांचा छडा लावणाऱ्या या वीराला आपल्या वॉर्डातील गटाराचे कंत्राट कोणाला मिळाले हे ठाऊक नसते. सर्वशक्तिमान गुप्त हातावर विश्वास ठेवण्यात एक सोय आहे: तो हात एवढा बलवान असेल तर मी काही करण्यात अर्थच नाही. अशी ही निष्क्रियतेची मोठी सुखद सबब आहे.

पण ही गोडी नेहमीच निरुपद्रवी राहत नाही, हे आपण कॅथलिकांनी तरी विसरू नये. १६७८ साली इंग्लंडमध्ये टायटस ओट्स नावाच्या इसमाने आवई उठविली की राजा दुसरा चार्ल्स याचा खून करण्याचा महाकट जेझुइटांनी रचला आहे. पुरावा शून्य. पण 'कॅथलिक हे गुप्तपणे काहीतरी करीत असतात' यावर लोकांचा विश्वास आधीच होता. त्याच सुमारास लंडनमधील एका दंडाधिकाऱ्याचे प्रेत सापडले आणि भीतीला पूर आला. पुरावा नाही, हाच कट किती खोल आहे याचा पुरावा ठरला! अनेक निरपराध माणसे वधस्तंभावर गेली. अखेरचा बळी होता आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट. १ जुलै १६८१ रोजी लंडनमध्ये त्यांना फाशी देण्यात आले. पुढे १६८५ साली ओट्स खोट्या शपथेबद्दल दोषी ठरला. प्लंकेट यांना १९७५ साली संतपद मिळाले. पण इंग्लंडमधील ज्या सज्जनांनी ती आवई घरोघर पोहोचविली त्यांची नावे कोणी विचारीत नाही.

ही जुनी, परदेशची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर आणखी एक १ जुलै आठवतो. २०१८ सालची ती तारीख. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे राईनपाडा गाव. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश मोबाइलवरून पसरलेले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तेथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारले. त्यांच्यापैकी कोणीही मूल पळविलेले नव्हते. ते संदेश पुढे पाठविणाऱ्या शेकडो बोटांना आपण कोणाचा खून करीत आहोत, असे वाटले असेल काय? काळजीपोटीच पाठविले असणार! अल्पसंख्य असलेल्या, कधीही 'गुप्त हेतू'चा ठपका बसू शकणाऱ्या आपल्या समाजाने तरी असला संदेश पुढे धाडण्यापूर्वी बोट क्षणभर थांबवावे. आज जे डवरी गोसाव्यांविषयी खरे मानले गेले ते उद्या आपल्याविषयी मानले जाणार नाही, याची हमी कोण देईल?

कोणी म्हणेल, "फादर, तुम्ही सरकारची वकिली करीत आहात. सरकार काही लपवीत नाही, असे तुमचे म्हणणे!" छे! सरकारे लपवितात. सर्व काळी, सर्व देशी लपवितात. मी एवढेच सांगतो की ती लपवितात ते सहसा चंद्राएवढे नसते, फाईलएवढे असते. लाखोंना सामील करून घेऊन नव्हे, तर चारपाच सह्यांत ते उरकलेले असते. आणि ते उघडे पडते ते आपोआप नव्हे. 'सत्य कधी तरी बाहेर येतेच' असे म्हणून आपण निर्धास्त होतो. पण टस्कीगीला ते 'कधी तरी' यायला चाळीस वर्षे लागली आणि तेवढ्यात माणसे मेली. सत्याला स्वतःचे पाय नसतात. कोणी पहारेकरी चिकटपट्टी पाहून पोलिसांना बोलावतो, कोणी कर्मचारी सहा वर्षे पत्रे लिहितो, कोणी आई ओठ उघडते, तेव्हा ते चालू लागते.

आपल्या देशात २००५ पासून माहितीचा अधिकार हा कायदा आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीच, २००२ साली, तसा कायदा झाला होता. दहा रुपयांचे शुल्क भरून केलेल्या अर्जाने जे कळते ते हजार चित्रफितींनी कळत नाही. ग्रामसभा भरते, तेथे खुर्च्या रिकाम्या असतात. फलकावर नोटिसा लागतात. त्यांवर धूळ बसते. लपविणाऱ्यांची सोय आपणच इतकी उत्तम लावली असताना त्यांनी कारस्थान रचण्याचे कष्ट घ्यावेत तरी कशाला?

त्या पडवीतील दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. मास्तर, सरकारला गुपित राखता येत नाही हे खरे. पण म्हणून झोपी जाऊ नका, कारण गुपितावाचूनही त्याचे भागते. आणि माझ्या तरुण मित्रा, शंका घे, जरूर घे. पण चंद्राकडे पाहण्याआधी कचेरीतील तो फलक वाच. मी एकदा वाचला नव्हता. त्या गावची गुरचरणाची जमीन परत आलेली नाही.